डोकं भंजाळतं तेव्हा तुम्ही काय करता?

जळगाव. शाळेत शिकवते, वय ४१. धागा मीच काढलाय.

गॅसवर दूध, हातात तपासायचे पेपर, फोनवर नणंद. एवढंच. पण सगळं एकाच आवाजात बोलायला लागतं आणि मी ओट्यापाशी नुसती उभी राहते. दूध वर येताना दिसतं, हात हलत नाही. भंजाळणं म्हणतात ते हेच.

दोन वर्षांपूर्वी मुलाला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं, तर त्यांनी हळूहळू मलाच प्रश्न विचारायला घेतले. आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, झोप हे सगळं तपासलं. मग माझी जुनी प्रगतिपुस्तकं मागवली, कारण एडीएचडीची, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याच्या विकाराची, लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून असावी लागतात. चौथीच्या पुस्तकात बाईंनी लिहिलंय, "हुशार आहे, पण वर्गात नसते." लक्ष न लागण्याची जी नऊ लक्षणं मोजतात, त्यांतली मोठ्यांना पाच पुरतात. माझी आठ निघाली. घरी येऊन रडले, आणि खरं सांगायचं तर हलकंही वाटलं.

आता तुमचं लिहा. सल्ले नकोत, तुमच्यासोबत काय झालं ते सांगा. "डायरी ठेवा" तर नकोच. माझ्याकडे सहा आहेत, सगळ्या जानेवारीपुरत्या भरलेल्या.

रावेर तालुका. केळी.

एका वेळी एक काम असलं की मी राजा. कापणीच्या दिवशी मात्र वाट लागते. ट्रक बांधावर उभा, व्यापारी फोनवर बऱ्हाणपूरचा भाव सांगतोय, मजूर पाणी मागताहेत, ठिबकमधून खत सोडायचं राहिलंय. मागं एकदा रात्री व्हॉल्व्ह बदलायचं विसरलो. एका तुकड्याला रात्रभर पाणी, दुसरा कोरडा ठाक. वडील काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मोटारीच्या खोलीत पाटी टांगलीय, शाळेतली, लाकडी चौकटीची. खडूनं लिहितो: "३ चालू". मोबाइलवर लिहून बघितलं, पण मोबाइल उघडला की वीस मिनिटांनी मी हतनूर धरणाचा साठा बघत असतो.

आणि फारच भंजाळलो की सरळ बागेत आत शिरतो. बाहेर ऊन पेटलेलं असलं तरी केळीच्या ओळींत गारवा असतो, शिवाय कुणाला दिसत नाही. दहा मिनिटं बसतो. पळपुटेपणा म्हणा हवं तर. बाहेर आलो की एकाच माणसाचं काम हाती घेतो, ज्याचा ट्रक उभा आहे त्याचं. बाकीचे थांबतात. आजवर कुणी मेलं नाही.

भुसावळ. लोको शेडमध्ये फिटर.

शेडमध्ये मी एकदम नीट. इंजिन आलं की काय काय तपासायचं ते छापलेलं असतं, टिक करायची, सही करायची. घरी वीजबिल तीन महिने टीव्हीवर पडून. बायको म्हणते, रेल्वेचं बरं जमतं! अहो, रेल्वे मला रोज सांगते पुढं काय करायचं ते. घर सांगत नाही.

धुळे. सून म्हणून लिहितेय, नोकरी वेगळी.

कानबाईचा, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या सणाचा, रविवार. नागपंचमीनंतरचा, श्रावणातला. सगळे भाऊबंद एका छताखाली, रोटांची घाई, कुणी गाणी म्हणतंय, मुलं पायात. चार बायका चार कामं सांगत होत्या आणि मी एकच पातेलं तिसऱ्यांदा घासत होते. छातीत धडधड, कानात नुसता गोंगाट. सासूबाई काहीतरी बोलल्या, ते ऐकूच आलं नाही. मोठ्या जावेनं मात्र ओळखलं. तिनं एडीएचडी हा शब्द ऐकलेलाही नाही. पातेलं काढून घेतलं, पोळपाट पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "तू फक्त लाट. कुणी काही सांगितलं तर म्हणायचं, ताईंना विचारा." तीन तास लाटल्या. त्या दिवशी सगळ्यांत शांत मीच होते. आता दरवर्षी लाटण्याचं काम मागूनच घेते.

अमळनेर.

सगळेच विसरतात हो. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मोबाइलमुळे झालंय हे.

जळगाव.

काका, जॉर्ज स्टिल नावाच्या डॉक्टरांनी लंडनमध्ये अशा मुलांवर व्याख्यानं दिली ती १९०२ साली. तेव्हा कुठला मोबाइल? तुमच्या वेळीही होतंच, फक्त त्याला धांदरट म्हणायचे. माझे आजोबा अहिराणीत विचारायचे, "तुनं ध्यान कथं शे?" म्हणजे तुझं लक्ष कुठं आहे? उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

मूळचा शिरपूरचा, सध्या घरून काम, सॉफ्टवेअर.

गोळीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी मिथिलफेनिडेट हे एडीएचडीवरचं औषध घेतो, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. ते नियंत्रित औषध आहे, प्रत्येक मेडिकलवाला ठेवत नाही. एकदा पाकीट संपल्यावर शोधायला निघालो आणि पाच दुकानं फिरलो. आता आठवडाभर आधीच फोन करतो. गोळी घेतली की ईमेल उघडताना पोटात गोळा येत नाही, एवढंच. कोणता ईमेल आधी, ते अजूनही मलाच ठरवावं लागतं, आणि तिथंच मी अडकतो. मग मामेबहिणीला व्हिडिओ कॉल लावतो. ती स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, मी काम करतो, दोघांचे आवाज बंद. समोर कुणीतरी बसलंय एवढ्यानंच हात चालतो.

भूक मात्र मरते. गेल्या मे महिन्यात, शिरपूरच्या त्या उन्हात, दुपारी ना जेवलो ना पाणी प्यालो. संध्याकाळी चक्कर आली. आता आई विचारत नाही. एक वाजता ताकाचा तांब्या लॅपटॉपच्या शेजारी ठेवून जाते.

जळगाव.

डॉक्टर गाठणं ज्यांना लगेच जमत नाही त्यांच्यासाठी: १४४१६, टेली-मानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आणि फुकट, २०२२ पासून सुरू आहे. मराठीत बोलतात. मी स्वतः एका रात्री लावला होता.

रावेर तालुका.

मघाशी लिहायचं राहिलं. पाटीवर लिहायचंही विसरतो कधी कधी. मग चप्पल उंबऱ्यावर उलटी ठेवतो. बाहेर पडताना पाय अडखळतो आणि आठवतं. वडील आता विचारतात, आज चप्पल सुलटी का?

थांबा, थ्री फेज आली. व्हॉल्व्ह बघून येतो.