बारा घरांचं छप्पर, पंचेचाळीस टी-शर्ट

आडवाटेचा
"शनिवारी लॅपटॉप बाजूला ठेवले, हातात हातोडा घेतला. संध्याकाळी बारा कातकरी कुटुंबांच्या डोक्यावर नवं छप्पर होतं!" आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेली एका कंपनीची पोस्ट. सोबत सात फोटो, पंचेचाळीस पिवळे टी-शर्ट, कर्जत तालुक्यातली एक वाडी. खाली अंगठ्यांचा पाऊस. मी गप्प बसणार होतो, पण चौथा फोटो पाहिला आणि राहवेना.

त्यात हेल्मेट घातलेला एक तरुण छपरावर खिळा ठोकतोय आणि घराचा म्हातारा मालक खाली शिडी धरून उभा आहे. अहो, त्या पट्ट्यात दर उन्हाळ्यात गावकऱ्यांची घरं शाकारतं कोण? हेच कातकरी आणि ठाकर. ज्याच्या हयातीत शे-दोनशे घरं शाकारून झाली असतील, त्याला तुम्ही शिडी धरायला लावलीत. वर "आम्ही त्यांना शिकवलं" असंही लिहिलंय.

पण माझं खरं दुखणं पत्र्याच्या खालचं आहे. अशा कितीतरी वाड्या दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर बसलेल्या आहेत. तीन पिढ्या तिथंच, पण जमीन मालकाची. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राची पीएम-जनमन योजना आली, कातकऱ्यांसारख्या आदिम जमातींना घरासाठी २ लाख. उत्तम. पण घर बांधायचं कुठल्या जागेवर? फार्महाऊसवाल्याने भाव लावला की मालक आधी वाडीच्या वाटेवर कुंपण घालतो. तुमचा नवा पत्रा त्या कुंपणाच्या आत. कंपनीला खरंच काही द्यायचं असेल तर दोन वर्षांसाठी एक वकील द्या आणि मोजणीची फी भरा. पण त्याचा फोटो चांगला येत नाही.

मधुरा_ह
त्या पंचेचाळीसांतली मी नाही, पण अशा दोन शिबिरांना गेलेय. एकच विचारते, तुम्ही त्या शनिवारी काय करत होतात?

गेल्या पावसाळ्यात एका घरात गेले होते. बाळंतीण, तेरा दिवसांचं बाळ, आणि गळतीखाली चार पातेली. रात्रभर ती बाई खाट इकडून तिकडे सरकवत होती. "बाई, आधी जमिनीचा प्रश्न सुटू दे, मग पत्रा बघू" असं तिला मी सांगायचं का? जमिनीचा खटला पंधरा वर्षं चालतो. बाळ तोवर दहावीला जाईल. घरी बसून सगळ्यांना मुळातला प्रश्न दिसतो.

कोपरखळी
मधुराताई, बाळ खरं आणि गळतीही खरी. पण कंपनी काही बाळासाठी आली नव्हती. कायद्याने नफ्यातले २ टक्के समाजकार्यावर, म्हणजे सीएसआरवर, खर्च करायचेच असतात, त्यात पंचेचाळीस इंजिनियरांचे दिवसभराचे तास लावले की झाला हिशेब. सामाजिक बांधिलकी पण आणि टीम बिल्डिंग पण!

सीए_आहे_मी
चूक. कर्मचाऱ्यांच्या तासांची किंमत सीएसआरच्या खर्चात धरता येत नाही, हे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ च्या परिपत्रकात स्वच्छ लिहिलंय. प्रशासकीय खर्चालाही ५ टक्क्यांची मर्यादा आहे. आणि ते २ टक्के सरसकट सगळ्यांना नाहीत. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यातलं एक तरी पार केलं तरच. आधी कंपनी कायद्याचं कलम १३५ वाचा, मग कोपरखळ्या मारा.

कोपरखळी
बरं बाबा, तास धरता येत नाहीत. पंचेचाळीस जणांचा दिवस अगदी फुकट गेला म्हणायचा. माझं वाक्य मागे, टी-शर्ट पुढे.

निवृत्त_ओव्हरसियर
सर्वांनी तत्त्वाचं बोलून घेतलं असेल तर मी चौथ्या फोटोकडे येतो. मोठा करून पाहिला. खिळे पन्हळीच्या खोलगटात ठोकलेत! अहो, पाणी तिथूनच वाहतं. भोक पाडायचं ते चढावर, आणि खिळा नव्हे, जे-बोल्ट, त्याखाली डांबरी वायसर. शेजारचा पत्रा किमान दीड पन्हळ चढवायचा. या बारापैकी एकही घर पहिल्या मोठ्या सरीला कोरडं राहणार नाही. बत्तीस वर्षं शाळांची छपरं तपासली आहेत, उगाच बोलत नाही. शिडी धरणाऱ्याला वर पाठवलं असतं तर त्याने बरोबर ठोकलं असतं.

कोकणकडा
मुळात पत्रा हवाच कशाला? एप्रिलमध्ये पत्र्याखाली बसून दाखवा. कौलासारखं सुख नाही. पण कौलं टिकू देतात कुठे? माकडं! आमच्या श्रीवर्धनच्या घरावर दर आठवड्याला टोळी येते. सकाळी कौलं सरळ करा, दुपारी पुन्हा फुटलेली. वन खात्यात गेलो तर अर्ज ठेवून जा म्हणाले. आता शाकारायला माणूस मिळत नाही आणि मिळाला तर मजुरी ऐकून घाम फुटतो. शेवटी आळीतली निम्मी घरं पत्र्यावर आली ती हौसेने नव्हे.

निवृत्त_ओव्हरसियर
पत्र्याचं नाव खराब करू नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात ज्यांचे पत्रे उडाले, त्यातले किती नुसते तारेने बांधून वर दगड ठेवलेले होते?

कोकणकडा
काका, आमच्या आळीतले बोल्टाचेच होते! पत्रा वाशासकट गेला, तिसऱ्या वाडीत सापडला, घडी घातलेल्या वर्तमानपत्रासारखा. कागदावरचे नियम वादळाला शिकवा.

निवृत्त_ओव्हरसियर
वाशासकट गेला म्हणजे बोल्टाने काम केलं. वासा भिंतीला बांधलेला नव्हता. तो दोष माझ्या नियमाचा नाही, तुमच्या सुताराचा.

कोकणकडा
सुतार माझा सख्खा मामा होता. जपून बोला.

आडवाटेचा
अहो, मी जमिनीबद्दल लिहिलं होतं. धागा छपरावर चढून बसलाय.

आणि पत्रा, कौल दोन्ही सोडा. कारवीच्या काठ्यांचा कुड, शेणामातीचा लेप, वर गवताचं छप्पर. पिढ्यान् पिढ्या हेच होतं, उन्हाळ्यात गार. ते मोडून आपणच त्यांना पत्र्याची सवय लावली.

रानफूल
आतापर्यंत नुसती वाचत होते. आडवाटेचा दादा, तुमचं कुडाचं कौतुक वाचून लिहावंसं वाटलं.

मी वारली, जव्हारकडची. कुडाच्या घरातच वाढले. गारवा असतो, खोटं नाही. पण दर पावसाळ्याआधी भिंतीला झड लागू नये म्हणून आई बाहेरून पेंढा बांधायची, पाऊस सरला की कुड पुन्हा लिंपायची. वाळवी लागली की कारवी बदलायची. कारवी सात वर्षांनी फुलते आणि मरते, मग पुढची वाढेपर्यंत रानात काठी मिळत नाही. मोळी घेऊन येताना गार्डने अडवलं तर दिवस गेला. हे सगळं आईच्या पाठीवर. माझ्या भावाने स्लॅब टाकला तेव्हा ती ओटीवर बसून रडली, आनंदाने. तुम्हाला कुड आवडत असेल तर तुमच्या फार्महाऊसला लावा.

आता पिवळ्या टी-शर्टांकडे. दुसऱ्या फोटोत भिंतीवर वारली चित्रं काढलीत, नाचणारी माणसं, तारपा, सगळं. ती घरं कातकऱ्यांची आहेत. कातकरी वेगळे, आम्ही वेगळे. आमच्यात लग्नाचा चौक सवाष्णी लिहितात, तांदळाच्या पिठाने. तुम्ही ऑइलपेंटने कातकऱ्याच्या भिंतीवर काढलात. आदिवासी म्हटलं की सगळे एकाच डब्यात. कोणाला विचारलं होतं का?

आणखी एक. हे शिबिर कधी झालं?

मधुरा_ह
पोस्टवर फेब्रुवारी लिहिलंय. आमचीही दोन्ही शिबिरं जानेवारी-फेब्रुवारीतच झाली, पावसात गेले ते वेगळं, तातडीचं. मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो.

रानफूल
मग ताई, चौथ्या फोटोत शिडीला म्हातारा का आहे ते कळलं. दिवाळी झाली की कातकरी उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, बायकापोरांसकट, आणि परततात ते पावसाच्या तोंडावर. फेब्रुवारीत वाडीवर म्हातारी माणसं आणि कोंबड्या. खिळा कुठे ठोकायचा ते सांगणारी सगळी माणसं तेव्हा भट्टीवर विटा थापत असतात.

कोपरखळी
म्हणजे कंपनीचं आर्थिक वर्ष आणि भट्टीचा हंगाम एकाच वेळी. टोमणा मारायला गेलो होतो, पण यावर सुचत नाही.

सीए_आहे_मी
मार्चची सक्ती तितकी खरी नाही. चालू प्रकल्प म्हणून मंजूर केला असेल तर उरलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकायची, पुढची तीन वर्षं वापरता येते. पण त्यासाठी नुसता शनिवार नव्हे, प्रकल्प हवा.

मधुरा_ह
मी ऑफिसात विचारते, पुढचं शिबिर मे अखेर घेता येईल का. तुमच्या टोमण्यांमुळे नाही, रानफूलताईंमुळे. आणि आडवाटेचा, त्या बाळंतिणीचं घर आम्ही ताडपत्री टाकून कोरडं केलं होतं, त्याबद्दल मला अजूनही लाज वाटत नाही.

आडवाटेचा
वाटूही नये. ताडपत्री मान्य. कुडाबद्दल माझं चुकलं, रानफूल यांची माफी मागतो. जमिनीबद्दल एक अक्षरही मागे घेत नाही. वकिलाचा विषयही ऑफिसात काढा, बघू कोण टी-शर्ट घालून तलाठ्याकडे येतंय.

निवृत्त_ओव्हरसियर
मे अखेर चालेल. मृग ७ जूनच्या आसपास लागतो, त्याआधी संपवा. ठोकायला वाडीतलीच माणसं घ्या आणि त्यांना दिवसाची मजुरी द्या. वायसर मी स्वखर्चाने आणतो, पण खोलगटात एक जरी खिळा दिसला तर मी तिथून उठून जाईन.

कोकणकडा
आणि माकडांचं काय? त्यावर एकानेही उत्तर दिलेलं नाही.