सिंहस्थाआधी सगळी ११ केव्ही जमिनीखाली? आधी जॉइंटचं बोला

सातपूरचा_फीडर
काल इथे एकाने लिहिलं: "२०२७ च्या सिंहस्थाआधी नाशिकच्या सगळ्या ३३ आणि ११ केव्ही लाईन जमिनीखाली घाला, वीज जाण्याचा प्रश्न कायमचा मिटेल." खाली नुसती वाहवा. प्रश्न असा मिटत नाही.

तारेला फांदी घासली तर ब्रेकर ट्रिप होतो, फांदी बाजूला झाली की बहुतेक वेळा पुन्हा घेता (चालू करता) येतो. केबलचं इन्सुलेशन एकदा फुटलं की फुटलं. म्हणूनच निव्वळ केबलच्या फीडरवर (उपकेंद्रातून निघणाऱ्या लाईनवर) ऑटो-रिक्लोज, म्हणजे ब्रेकर आपोआप पुन्हा चालू होणं, बंद ठेवतात. मग पुढे काय? दोन्ही टोकं मोकळी करून अर्थ करा (जमिनीशी जोडा), मेगर मारून इन्सुलेशनचा रोध पाहा, टीडीआरने (केबलमध्ये पल्स सोडून) फॉल्टचं अंतर काढा, थम्परने उच्च दाबाचे ठोके द्या आणि जमिनीवर माईक ठेवून आवाज कुठे मोठा येतो ते ऐकत फिरा. खड्डा, खराब तुकडा कापून नवा तुकडा, म्हणजे एका फॉल्टमागे दोन नवे जॉइंट. तेही पावसात, पाणी उपसत. वरच्या तारेचा जंपर (जोडतुकडा) बांधायला तास लागतो, इथे दिवस जातो.

पंचवटी_आरएमयू
दिवस जातो तो दुरुस्तीला, पुरवठा सुरू करायला नाही. रिंग (दोन्ही टोकांकडून वीज देता येईल अशी जोडणी) केली असेल तर फॉल्टच्या दोन्ही बाजूंचे आरएमयू (रिंगमधले स्विच) उघडायचे आणि उरलेला भाग दुसऱ्या टोकाकडून चालू करायचा. फॉल्ट इंडिकेटर नीट बसवलेले असतील तर काही मिनिटांचं काम. केबल नंतर निवांत दुरुस्त करा.

आणि रामकुंडाच्या गल्ल्यांत स्नानाच्या दिवशी खाली माणसांचा लोंढा आणि वर उघडी तार, हे कुणाला मान्य आहे? तार तुटून कोरड्या फरशीवर किंवा डांबरावर पडली तर करंट इतका कमी वाहतो की अर्थ फॉल्ट रिलेला (जमिनीकडे जाणारा करंट ओळखून ब्रेकर पाडणाऱ्या यंत्राला) दिसतही नाही. तार जिवंत पडून राहते. यावर तुमच्याकडे उत्तर नाही.

सातपूरचा_फीडर
गर्दीच्या भागापुरतं मान्य. पण "सगळ्या लाईन" हा हट्ट आहे.

काळी_माती
दोघेही जमिनीबद्दल बोलत नाही आहात. ११ केव्हीला ९० सेंमी आणि ३३ केव्हीला १०५ सेंमी खोली, खाली-वर ७५ मिमी वाळू, त्यावर विटा किंवा फरशी, असं मानक सांगतं. चरात उतरून पाहा: निघालेलं डबरच परत लोटलेलं. बसॉल्टचा एक धारदार दगड बाहेरचं आवरण फाडायला पुरतो, तिथून पाणी आर्मरमध्ये (आतल्या धातूच्या कवचात) शिरतं.

दुसरं, काळी माती उन्हाळ्यात आकसते, भेगाळते. केबलभोवतीचा ओलावा उडाला की उष्णता बाहेर जायला वाट राहत नाही. एक्सएलपीईच्या (प्लास्टिक इन्सुलेशनच्या) केबलमधल्या कंडक्टरला सतत चालण्यासाठी ९० अंशांची मर्यादा आहे, आणि एअर कंडिशनरचा लोडही नेमका एप्रिल-मे मध्येच चढतो. त्यात एका चरात चार केबल चिकटून टाकल्या की कॅटलॉगमधला अँपिअरचा आकडा विसरायचा. दोन केबलमध्ये अंतर सोडा, निदान वाळू तरी खरी टाका.

अंबड_पॅनल
एवढी भीती कशाला घालता? चार्ज करण्याआधी (वीज सोडण्याआधी) डीसी हायपॉट, म्हणजे उच्च दाबाची डीसी चाचणी, मारून पाहतातच. पास झाली तर केबल चांगली.

जॉइंटर_नाशिकरोड
हेच वाक्य केबल मारतं! डीसीची पद्धत कागदी इन्सुलेशनच्या केबलच्या काळातली. डीसीमध्ये ताण इन्सुलेशनच्या रोधाप्रमाणे वाटला जातो, एसीमध्ये कपॅसिटन्सप्रमाणे. म्हणून जॉइंटमधली पोकळी डीसीला दिसत नाही. आणि जुन्या, वॉटर ट्री (ओलाव्याने झाडासारखी पसरलेली सूक्ष्म खराबी) झालेल्या एक्सएलपीईत डीसीचा चार्ज अडकून बसतो. टेस्ट पास होते, ५० हर्ट्झवर घेतली की केबल फुटते. ०.१ हर्ट्झची व्हीएलएफ (अतिशय कमी फ्रिक्वेन्सीची एसी चाचणी) वापरा. ११ केव्हीच्या नव्या केबलला फेज ते अर्थ दाब ६.३५ केव्ही, त्याच्या तिप्पट, म्हणजे १९ केव्ही, १५ मिनिटं. जुन्या केबलला कमी.

अंबड_पॅनल
नव्या केबलला डीसीने काही होत नाही, हे तुम्हीही जाणता. आणि प्रत्येक उपकेंद्रात व्हीएलएफचा संच कुठून आणायचा?

जॉइंटर_नाशिकरोड
नव्या केबलला होत नाही, हे मान्य. पण दुरुस्तीनंतरची केबल नवी नसते, निम्मी जुनी असते. तिच्यावर डीसी मारणं चूकच. संच आणता येत नसेल तर भाड्याने घ्या.

आणि टेस्टपेक्षा हात महत्त्वाचे. सेमीकॉन (इन्सुलेशनवरचा काळा अर्धवाहक थर) सोलताना सुरीचा ओरखडा एक्सएलपीईत गेला तर नेमका तिथेच, सेमीकॉनच्या कडेला, ताण सर्वात जास्त असतो. त्या खाचेत हवा राहते, डिस्चार्ज (बारीक ठिणग्या) सुरू होतो, काही महिन्यांनी जॉइंट उडतो आणि सगळे पावसाला दोष देतात. पॉलिशला एमरी नको, ॲल्युमिनियम ऑक्साईडचीच पट्टी. पुसायचं कंडक्टरकडून सेमीकॉनकडे, उलटं एकदाही नाही, नाहीतर काळा कार्बन पांढऱ्या इन्सुलेशनवर चढतो. स्ट्रेस कंट्रोल ट्यूबआधी (ताण पसरवणाऱ्या, उष्णतेने आकसणाऱ्या नळीआधी) कडेला मॅस्टिक (चिकट भरण) भरा. ट्यूब मधून दोन्ही बाहेरच्या बाजूंना आकसवा, म्हणजे हवा निघून जाते. धूळ उडत असेल तर वर तंबू हवाच. ठेकेदार जॉइंटमागे पैसे देतो, म्हणून माणूस घाई करतो. दोष त्या दराचा आहे.

पंचवटी_आरएमयू
दराचा मुद्दा बरोबर. पण याने ओव्हरहेड चांगलं ठरत नाही.

काळी_माती
उपकेंद्रातलं एक राहिलंच. पॅनलमध्ये केबल सीबीसीटीतून (तिन्ही फेजच्या करंटची बेरीज मोजून अर्थ फॉल्ट पकडणाऱ्या कड्यातून) जाते. आर्मर आणि स्क्रीन (इन्सुलेशनवरचं धातूचं आवरण) जर सीबीसीटीच्या आतून वर आले असतील, तर त्यांची अर्थची तार परत त्याच सीबीसीटीतून खाली आणून मगच अर्थ करायची. तार बाहेरूनच अर्थ केली तर स्क्रीनमधून परतणारा फॉल्टचा करंट फेजच्या करंटला काटतो आणि रिले गप्प बसतो. ग्लँड (केबल पॅनलला धरणारी जोडणी, जिथे आर्मर संपतं) सीबीसीटीच्या खालीच असेल तर हा प्रश्न येत नाही. चार्ज करण्याआधी बॅटरीचा दिवा हातात घेऊन पॅनलच्या मागे वाका आणि ही तार डोळ्यांनी पाहा.

सातपूरचा_फीडर
ठीक. गर्दीच्या भागात केबल आणि रिंग, बाकी ठिकाणी कव्हर्ड कंडक्टर (आवरण असलेली वरची तार) आणि वेळेवर फांद्यांची छाटणी. पण निविदेत जॉइंटरचं प्रमाणपत्र, व्हीएलएफचा अहवाल आणि चर बुजवण्याआधी प्रत्येक जॉइंटचा फोटो, ही तीन कलमं नसतील तर माझा विरोध कायम.

पंचवटी_आरएमयू
चौथं लिहा: केबल जशी प्रत्यक्ष टाकली तसा मार्गाचा नकाशा, जॉइंटच्या अंतरांसह. तो नसेल तर थम्पर घेऊन अख्खा रस्ता फिरावा लागेल.