मॅनेजर हवाच कशाला? (रिंगबाहेरचा, ऑफिसातला नव्हे)

गिरणगावकर
काल ठाण्याहून येणाऱ्या स्लोमध्ये कॉलेजची दोन पोरं भांडत होती. विषय डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीतला पॉल हेमन, म्हणजे ब्रॉक लेस्नर या पहिलवानाचा मॅनेजर, त्याच्या वतीने माइकवर बोलणारा. एकाचं म्हणणं, हेमन नसता तर ब्रॉक लेस्नर नुसताच बैल. करी रोड आलं म्हणून तोंड मिटून उतरलो, पण तेव्हापासून डोक्यात घोळतंय.

माझं मत उलटं आहे. निकाल आधी ठरलेला असतो हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मग पहिलवानाचं स्वतःचं असं उरतं काय? अंगमेहनत आणि जीभ. त्यातली जीभही भाड्याने आणायची? स्टीव्ह ऑस्टिन बघा. १९९६ च्या जानेवारीत त्याला ‘रिंगमास्टर’ म्हणून आणला, बोलायला टेड डीबिआसी. कुणी ढुंकून बघितलं नाही. मे महिन्यात डीबिआसी कंपनी सोडून गेला, जूनमध्ये ऑस्टिन ‘किंग ऑफ द रिंग’ ही स्पर्धा जिंकला, माइक स्वतः धरला आणि पुढची दोन-चार वर्षं सगळी त्याचीच. जॉन सीनाचा मॅनेजर कोण, सांगा बघू.

भायखळा फास्ट
ज्याला बोलता येतं त्याला मॅनेजर दिला ही चूक देणाऱ्याची. त्यावरून धंदाच बाद कसा? खली घ्या. एप्रिल २००६ मध्ये आला तेव्हा शेजारी दैवारी, नंतर रंजिन सिंग. जुलै २००७ मध्ये वर्ल्ड हेवीवेट पट्टा घेतला तेव्हा आमच्या चाळीत फटाके वाजले होते. त्याने पहिल्या दिवसापासून स्वतः भाषणं ठोकली असती तर वाजले असते का?

गिरणगावकर
वाजले असते. हसून हसून.

तांब्याबहाद्दर
मी स्वतः मॅनेजर होतो, त्यामुळे हक्काने लिहितो.

परळच्या चाळीत, गॅलरीत आमची रिंग. दोन्ही बाजूंनी कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, खाली गोधडी. मी हडकुळा, मला कुणी उचलायलाही घेईना. मग मला पॉल बेअरर केलं, म्हणजे अंडरटेकर या पहिलवानाचा मॅनेजर. आमचा अंडरटेकर तीन नंबरच्या खोलीतला, अंगाने दांडगा पण वाक्य बोलायचं म्हटलं की त-त-प-प. मी आजीचा तांब्याचा तांब्या दोन्ही हातांनी छातीशी धरायचो, डोळे पांढरे करायचो आणि किनऱ्या आवाजात ‘ओऽऽ येस’. तो तांब्या वर केला की पडलेला अंडरटेकर उठून बसायचा. खालच्या मजल्यावरची बारकी पोरं त्याला बघून नाही, माझ्या हातातल्या तांब्याला बघून रडायची.

एका दुपारी आजीने विचारलं, हे काय धरलंयस? मी खरं सांगितलं, अस्थिकलश. पुढचं वर्णन करत नाही.

मुद्दा असा, की अंडरटेकर गप्प राहिला म्हणून भीती वाटायची. तो गप्प राहू शकला कारण दुसरा कुणीतरी बोलत होता. खरा बेअरर, म्हणजे विल्यम मूडी, प्रत्यक्षातही अंत्यविधीच्या व्यवसायातलाच होता. ती चाल, तो मेकअप नुसता नाटकी वाटत नसे, तो का ते कळतं.

मीठ-भाकर
सगळे जिभेवरच का अडलात? मॅनेजरचं खरं काम पाप डोक्यावर घेणं. लास वेगास, १९९३, रेसलमेनिया ९, म्हणजे कंपनीचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम. योकोझुनाचा मॅनेजर मिस्टर फुजी, त्याने ब्रेट हार्टच्या डोळ्यांत मीठ फेकलं आणि योकोझुना जिंकला. लगेच हल्क होगन आला. फुजीने परत मीठ फेकलं, होगन खाली वाकला, मीठ गेलं योकोझुनाच्याच डोळ्यांत आणि पट्टा अर्ध्या मिनिटाच्या आत होगनकडे! आता बघा, ब्रेट हरला तरी त्याची इज्जत शाबूत, योकोझुना हरला तरी त्याची ताकद शाबूत. शिव्या खाल्ल्या फुजीने. एक मूठ मीठ आणि दोन पहिलवान वाचले. माइकवर अर्धा तास बोलून हे होत नाही.

जुना वरळीकर
वडील वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंगच्या कुस्त्या बघायला जायचे. त्यांच्या बोलण्यात दारासिंग असायचा, त्याच्याशी लढणारा पहिलवान किंग काँग असायचा, तिसरं माणूस कधी आलं नाही. आपल्याकडे वस्ताद असतो, पण तो मैदानाच्या कडेला गप्प बसतो. कळीचा नारद लागतो तो अमेरिकेला. गिरणगावकरांशी सहमत.

भायखळा फास्ट
काका, आणि मैदानात हलगीच्या तालावर घसा फोडून पहिलवानाचं गाव, वस्ताद, इनाम सांगणारा निवेदक? तो नसला तर मागच्या रांगेला कोण लढतंय तेही कळत नाही. फक्त तो कुणा एकाचा नसतो, एवढाच फरक.

मृण्मयी_मुलुंड
मिस एलिझाबेथ अजून कुणालाच कशी आठवली नाही? रँडी सॅव्हेजची मॅनेजर, आणि क्वचितच बोलायची. १९९१ च्या रेसलमेनियात सॅव्हेज अल्टिमेट वॉरियर या पहिलवानाकडून हरला, त्याची तेव्हाची मॅनेजर शेरी पडलेल्या माणसाला लाथा घालायला लागली. प्रेक्षकांत बसलेली एलिझाबेथ धावत आली आणि तिने शेरीला केसांना धरून बाहेर काढलं. कॅमेऱ्यात मोठमोठी माणसं ढसाढसा रडताना दिसतात. जीभ भाड्याची म्हणताय, ही तर गप्पच होती.

गिरणगावकर
एलिझाबेथला मी मॅनेजर धरतच नाही, ती कथेतली नायिका. (हो, पळवाट आहे. माहीत आहे.) मिठाचा मुद्दा मात्र मान्य, तो मी विचारात घेतला नव्हता.

पण हेमनवर मी ठाम. २०१४ मध्ये अंडरटेकरची रेसलमेनियातली २१ विजयांची मालिका लेस्नरने मोडली. दुसऱ्या दिवशी बोललं कोण? हेमन. लेस्नर शेजारी उड्या मारत उभा. एवढा पराक्रम केलेल्या माणसाचं त्या दिवसाचं एक वाक्यही मला आठवत नाही, हेमनचं अख्खं भाषण आठवतं. हा पहिलवानाचा फायदा की तोटा?

मीठ-भाकर
लेस्नरला विचारा. तो हेमनकडे बोट दाखवेल.

गिरणगावकर
तांब्याबहाद्दर, तो तांब्या आहे का अजून?

तांब्याबहाद्दर
आहे. आजीने त्याच दिवशी चिंचेने घासून माळ्यावर टाकला. त्यातून पाणी अजून कुणी पीत नाही.