मदत हवी आहे: लिनक्ससाठी परवडणारं ग्राफिक्स कार्ड
मंडळी, डेबियन १३ (लिनक्सची एक आवृत्ती) साठी खिशाला झेपणारं कार्ड सुचवा. बंदिस्त ड्रायव्हर (ज्याचा सोर्स कोड कंपनी खुला करत नाही) नको; कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट झालं की स्क्रीन काळी, याला वैतागलोय. काम म्हणजे केडेनलाइव्ह या सॉफ्टवेअरवर व्हिडिओ एडिटिंग.

एएमडी आरएक्स ६४०० मेसा या खुल्या ड्रायव्हरवर सरळ चालतं, वेगळी पॉवर केबलही लागत नाही. पण त्यात व्हिडिओ एन्कोडरच (एक्स्पोर्ट करताना व्हिडिओ आकुंचित करणारा भाग) नाही! शिवाय बोर्डाशी जोडणाऱ्या चारच लेन (डेटाच्या वाटा), म्हणजे माझ्या जुन्या पीसीआयई ३.० बोर्डावर ४.० च्या तुलनेत बँडविड्थ निम्मी. इंटेल आर्क ए३८० मध्ये ६ जीबी मेमरी, एव्ही१ (नवा व्हिडिओ फॉरमॅट) एन्कोडिंगसुद्धा. मात्र पूर्ण वेगासाठी त्याला रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो आणि माझ्या बायोसमध्ये तो पर्यायच दिसत नाही. सेकंडहँड एएमडी आरएक्स ५८० क्रिप्टो मायनिंगमध्ये पिळून काढलेलं नसेल कशावरून?

जुन्या बोर्डावर ए३८० कुणी वापरतंय का? एक्स्पोर्ट नीट होतं का?