परदेशातल्या उपचारांसाठी देणगी: पैसा तिथल्या संस्थेच्या हाती द्यावा का?

मेधा_मुलुंड (धागा सुरू)

नेपाळच्या तराईतल्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया, भूकंप-पुरानंतरचे दवाखाने अशा कामांसाठी देणगी मागणाऱ्या बऱ्याच संस्था स्वतः तिथे काम करत नाहीत. तिथल्या रुग्णालयाशी करार करतात, पैसे पाठवतात, अहवाल मागवतात. "मग मधल्या मध्ये ही संस्था कशाला? आपलेच डॉक्टर नेऊन शिबिर घ्या" असं दरवेळी ऐकू येतं. माझ्या मते स्थानिक भागीदार हाच योग्य मार्ग आहे.

शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात जंतुसंसर्ग झाला तर तो बहुधा पहिल्या आठवड्यात दिसतो. डोळा दुखतो, लाल होतो, नजर झपाट्याने उतरते. तेव्हा काही तासांत डोळ्यात अँटिबायोटिकचं इंजेक्शन गेलं नाही तर डोळा जाऊ शकतो, आणि बाहेरून आलेलं पथक तोवर परतलेलं असतं. चष्म्याचा नंबर काढायला रुग्णाला महिना-दीड महिन्याने परत बोलवावं लागतं. पुढे डोळ्यात बसवलेल्या कृत्रिम भिंगामागची पातळ पिशवी धुरकट झाली तर लेझर लागतो. हे करणारा माणूस तिथलाच हवा, रुग्णाशी मैथिली-भोजपुरीत बोलणारा.

हिशेबनीस_गिरगाव

मेधाताई, वैद्यकीय बाजू मान्य. पैशाच्या बाजूने मात्र ही साखळी फार कच्ची आहे. एकाच शस्त्रक्रियेचा खर्च दोन-तीन देणगीदारांच्या नावे दाखवला जाणं हा यातला सगळ्यात सोपा घोटाळा. प्रत्येकाला वेगळा अहवाल, वेगळे फोटो आणि एकूण आकडा. कोणी दुसऱ्याचा अहवाल बघत नाही. ऑडिट प्रमाणपत्र असतं, पण ते खर्च झाल्याचं सांगतं; कोणाच्या पैशातून झाला ते सांगत नाही.

म्हणून मी म्हणतो, संस्थेला एकरकमी अनुदान नको. रुग्णालयाला दर शस्त्रक्रियेमागे ठरावीक रक्कम द्या, तीही यादी तपासून. रुग्णाचा नोंदणी क्रमांक, डावा की उजवा डोळा, तारीख, आणि भिंगाचं स्टिकर. भिंगाच्या पाकिटात अनुक्रमांक आणि नंबर छापलेली चिकटपट्टी येते, ती केसपेपरवर लावतात. तो अनुक्रमांक दुसऱ्या डोळ्याला असू शकत नाही. भिंग खरेदीच्या बिलांशी ते क्रमांक जुळवले आणि सगळ्या देणगीदारांच्या याद्या शेजारी ठेवल्या की दुबार दाखवलेलं लगेच उघडं पडतं.

नेत्रतंत्र

स्टिकरची सूचना उत्तम आहे, ती करारातच घालावी. पण निव्वळ नगावर पैसे देण्याला माझा विरोध आहे, कारण तिथे रुग्णाचं नुकसान होतं. नग मोजले की सोपे डोळे निवडले जातात. बायोमेट्री, म्हणजे डोळ्याची लांबी मोजून भिंगाचा नंबर ठरवणं, हे वेळखाऊ काम गाळलं जातं आणि सरसकट एकच नंबर बसवला जातो. शस्त्रक्रिया "यशस्वी", पण माणसाला जाड चष्म्याशिवाय दिसत नाही.

मोजायचं असेल तर नजर मोजा. जागतिक आरोग्य संघटनेचा जुना निकष साधा आहे: शस्त्रक्रियेनंतर रुग्णाकडे जो चष्मा असेल त्यासह किमान 80 टक्के डोळ्यांना 6/18 (म्हणजे निरोगी नजरेला 18 मीटरवरून दिसतं ते 6 मीटरवरून दिसणं) किंवा त्याहून चांगलं दिसावं, आणि 6/60 पेक्षा कमी दिसणारे 5 टक्क्यांच्या आत असावेत. ही तपासणी किती जणांची झाली तेही विचारा. अर्धे रुग्ण परत आलेच नसतील तर उरलेल्यांची टक्केवारी कितीही छान दिसो, तिला अर्थ नाही.

भिंग आता महाग राहिलेलं नाही. मदुराईच्या ऑरोलॅबने 1992 पासून ती स्वस्तात बनवायला सुरुवात केली. पैसा लागतो तो सिस्टरच्या पगाराला, उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हला, जनरेटरच्या डिझेलला आणि रुग्णाच्या परतीच्या गाडीभाड्याला. देणगीदार नेमकं हेच "प्रशासकीय खर्च" म्हणून कापतात.

दादर_पश्चिम

एवढ्या भानगडी असतील तर रोख पाठवूच नये. आपत्तीच्या वेळी मंडळांमार्फत औषधं गोळा करा, खोकी भरून पाठवा. वस्तू दिसते, पैसा दिसत नाही.

नेत्रतंत्र

दादा, भावना समजते, पण औषधांच्या बाबतीत हे करू नका. 2004 च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या बांदा आचेमध्ये हजारो टन औषधं येऊन पडली. बरीचशी तिथल्या अत्यावश्यक यादीत नव्हती आणि लेबलं स्थानिकांना वाचता येत नव्हती. ती निवडायला माणसं गुंतली आणि नष्ट करायला वेगळा खर्च आला. युद्धाच्या काळात बोस्नियातही तेच झालं होतं. घराघरांतून गोळा केलेल्या अर्धवट स्ट्रिप्सना बॅच नंबर असेलच असं नाही, मुदत महिना-दोन महिनेच उरलेली असते. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार औषध पोहोचतं तेव्हा साधारणपणे किमान वर्षभर मुदत शिल्लक हवी. इन्सुलिन तर 2 ते 8 अंशांतच न्यावं लागतं. आपत्तीसाठी औषधांचे तयार संच असतात, 10,000 लोकांना सुमारे तीन महिने पुरतील असे. तिथली संस्था मागेल तेच द्या. ते तिथे किंवा जवळच्या बाजारात मिळत असेल तर पैसेच द्या.

वरळी_कायदा

चर्चा चांगली चालली आहे, पण मुंबईतून पैसा निघणार कसा, यावर कोणीच बोललेलं नाही. आपल्या धर्मादाय विश्वस्त संस्थेने देशाबाहेर खर्च केला तर आयकर कायद्यानुसार त्या रकमेला एरवी करमाफी मिळत नाही. आंतरराष्ट्रीय कल्याणाच्या कामासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते. कंपनीचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी परदेशातल्या कामावर धरला जात नाही. व्यक्तीला एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, पण परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरात सवलत नाही. आणि नेपाळ-भूतानला डॉलर चालतच नाहीत, तो व्यवहार रुपयांतला. भारत-नेपाळ रेमिटन्स योजनेची मर्यादा 2021 पासून एका वेळेला 2 लाख रुपये आहे.

परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मराठी मंडळींनी मुंबईच्या संस्थेला दिलेलं परकीय योगदान त्याबद्दलच्या कायद्यातल्या (एफसीआरए) 2020 च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या कोणत्याही संस्थेला वळतं करता येत नाही, आणि त्यातला प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. तेव्हा त्यांनी थेट त्या देशातल्या भागीदाराशीच करार करावा.

हिशेबनीस_गिरगाव

वरळीकरांचा मुद्दा बिनतोड आहे. नेत्रतंत्र, नजरेचा निकष पटला. मग असं करा: 40 टक्के आगाऊ, 40 टक्के स्टिकर-यादी तपासून, शेवटचे 20 टक्के महिन्यानंतरच्या तपासणीचे आकडे आल्यावर. या प्रकल्पासाठी वेगळं बँक खातं हवंच, त्यावर मी अडून बसणार.

मेधा_मुलुंड

वेगळं खातं मान्य. शेवटचे 20 टक्के अडकवायला मात्र माझी हरकत आहे. पावसाळ्यात तराईतले रस्ते बंद होतात, रुग्ण तपासणीला वेळेवर येत नाहीत आणि रुग्णालयाला सिस्टरचे पगार उसने घेऊन भागवावे लागतात. ते पैसे 10 टक्क्यांवर आणा आणि पाठपुराव्याचं गाडीभाडं पहिल्या हप्त्यातच द्या.

हिशेबनीस_गिरगाव

गाडीभाडं पहिल्या हप्त्यात, कबूल. 10 टक्क्यांना मी तयार नाही. 15 वर या, आणि जून ते सप्टेंबरच्या शस्त्रक्रियांना तपासणीची मुदत दोन महिने वाढवून घ्या.