प्रतिसाद: थंडीत छोटे कवचधारी मरत नाहीत

हिवाळ्यात किनाऱ्यावरचे सगळे छोटे कवचधारी (खेकडा-कोळंबीच्या गटातले जीव) मरतात, असं वर म्हटलंय. तसं नाही. युरोपातले सँडहॉपर, म्हणजे वाळूवर उड्या मारणारे छोटे कवचधारी, थंडी वाढली की भरतीरेषेच्या वर, वाळूत खोल बिळं करून निपचित पडून राहतात. खोलवर तापमान फारसं घसरत नाही.

खरी कमाल उत्तर अटलांटिकच्या खडकांवरच्या बार्नेकलची, म्हणजे खडकाला कायमचे चिकटून राहणाऱ्या कवचधाऱ्यांची. त्यांना पळताच येत नाही! ओहोटीत ते कवचाच्या झडपा मिटतात. अंगात बर्फ होतो, पण पेशींच्या बाहेरच्या द्रवात. पेशी पाणी गमावतात, मात्र आतून गोठत नाहीत. त्यामुळे भर हिवाळ्यात उणे १५ अंशही ते सोसतात. उन्हाळ्यात मात्र ही ताकद बरीच ओसरते, म्हणून अवेळी आलेली थंडीची लाट मला जास्त घातक वाटते.