दिल्लीला पूर्ण राज्य : पोलीस, जमीन आणि तिजोरी

केंद्रशासित दिल्ली पूर्ण राज्य झाली तरी फक्त पाटी बदलेल, असं काही जण म्हणतात. तसं नाही हो. आपल्या इंदूरचे पोलीस आयुक्त भोपाळच्या गृहखात्याला जबाबदार, दिल्लीचे थेट केंद्रीय गृहमंत्रालयाला. १९९१च्या ६९व्या घटनादुरुस्तीने पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था आणि जमीन हे विषय तिथल्या विधानसभेच्या कक्षेबाहेर ठेवले. म्हणून शाळेसाठी डीडीएची (केंद्राच्या हाताखालच्या दिल्ली विकास प्राधिकरणाची) जागा हवी असली की दिल्ली सरकारलाही केंद्राच्या दारात जावं लागतं. राज्य झाल्यावर हे अधिकार येतील, पण पोलिसांचे पगार आणि पेन्शनही दिल्लीच्याच तिजोरीतून द्यावी लागेल. बदल्यात वित्त आयोगाच्या सूत्राने केंद्रीय करांत राज्यांसारखा वाटा मिळेल. खरा पेच संसद आणि दूतावासांच्या भागाचा आहे; तो केंद्राकडेच ठेवायचा तर त्याची हद्द आधी आखायला हवी.